कोचीच्या बंदरातला गुळव्या

संजयचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या घरी गच्चीवर कुरडया घालत होते. दोन्ही हात चिकाने भरलेले, म्हणून फोन तसाच कठड्यावर ठेवून कान जवळ नेला. "ताई, आण्णा गेलं," तो म्हणाला. मग तुटक तुटक सांगत गेला. "हंगामाची शेवटची काहील उतरवली, हातपाय धुतलं, जेवलं, आन् गुऱ्हाळातच बाजेवर आडवं झालं... चहाला उठवाय गेलो तर..." मी खाली बसले. मला रडू आलं, ते यायचंच होतं. पण त्याच्या आधी मनात जे आलं ते सांगायला थोडी लाज वाटते. मनात आलं, मामा जिंकले.

हे मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, तातोबा. आम्हा भाचरांचे तातूमामा आणि त्यांच्या मुलांचे, म्हणजे संजय आणि शोभाचे, आण्णा. कडेगाव तालुक्यातलं त्यांचं गाव, चहूकडे ऊस, आणि उसाच्या मध्ये मामांचं गुऱ्हाळ. मामा गुळव्या होते, म्हणजे रसाचा गूळ करणारा माणूस. काहील, म्हणजे रस उकळायची कढई, खोलीएवढी रुंद. तिच्यात रस उकळायला लागला की मळी वर येते, ती काढायची. मग लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने तळापासून ढवळत राहायचं. आणि काहील चुलाणावरून कधी उतरवायची तो क्षण गुळव्याने ठरवायचा. एक मिनिट इकडेतिकडे झालं तर दिवसाचा गूळ वाया. तो क्षण जवळ आला की मामा कोणाशी बोलत नसत. लहानपणी मी एकदा त्या वेळी "मामा, काकवी द्या की" म्हटलं होतं, तर त्यांनी मान न वळवता मला बाहेर जायला सांगितलं, आणि संध्याकाळी स्वतः तांब्याभर काकवी घेऊन माझी समजूत काढायला आले. रागावले होते असं नाही. काहिलीपुढे त्यांना माणूस दिसतच नसे.

मागच्या हंगामाच्याही आधीच्या हंगामात, अगदी अखेरीला, त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. सांगलीत दवाखान्यात ठेवलं, नंतर दोन महिने ते माझ्याकडेच होते. मी शाळेतून नुकती निवृत्त झालेली, एकटी, त्यामुळे कोणाची अडचण नव्हती. तोंड सरळ झालं, पायही बऱ्यापैकी सुधारला. पण डाव्या हाताची मूठ काही वळेना. दवाखान्यातून रबरी चेंडू दिला होता, तो दाबत बसायचे. चेंडू निसटून पलंगाखाली जायचा आणि मी कोपरे शोधत फिरायचे. "ऱ्हाऊ दे गं सुमे," ते म्हणायचे, "त्येलाबी माझ्याजवळ ऱ्हाऊ वाटंना."

दसऱ्यानंतर गुऱ्हाळाचं चुलाण पेटलं तेव्हा संजयने बाहेरून दुसरा गुळव्या आणला. संजयला बोल लावता येणार नाही. उकळत्या रसाच्या काठाशी, ओल्या जमिनीवर, अर्धं अंग कमजोर झालेला अडुसष्ट वर्षांचा बाप कोण उभा करेल? त्याने मामांसाठी गुऱ्हाळाच्या दारात प्लास्टिकची खुर्ची ठेवली. मी एकदा गेले तेव्हा ते तिच्यात बसले होते. येणारे-जाणारे विचारत होते, "आण्णा, बरं हाय न्हवं?" पन्नास वर्षं त्याच माणसांनी विचारलं होतं, "आण्णा, कशी हाय आजची काहील?" या दोन प्रश्नांतला फरक मामांना कळत होता आणि तो त्यांच्या तोंडावर दिसत होता. जेवण कमी झालं होतं. दाढी करायचं सोडलं होतं. मला त्या वेळी खात्रीच वाटली की हा माणूस त्या खुर्चीतून उठणार नाही.

शोभा कोचीला असते. तिच्या सासरचे विट्याचे, गलाईवाले. सोनं-चांदी गाळायचं त्यांचं दुकान बंदराजवळच्या गल्लीत तीस वर्षं आहे. तिने हट्टच धरला की आण्णांना माझ्याकडे आणा, गुऱ्हाळ डोळ्यांसमोर नको. जानेवारीत मी मामांना घेऊन रेल्वेने गेले. शोभाने जीव ओतून सगळं केलं, पण मामांना तिथे तर आणखीच काम नव्हतं. एका सकाळी त्यांनी दुकानात कोपऱ्यातला झाडू उचलला, उजव्या हाताने तेवढं तरी करावं म्हणून. जावई धावत आले. "आण्णा, त्याला हात लावू नका." गलाईच्या दुकानातल्या धुळीत सोन्याचे कण असतात. ती धूळ राखून ठेवतात, हात धुतलेलं पाणीसुद्धा ओतून देत नाहीत. मामांनी झाडू ठेवला. मला हळूच म्हणाले, "बघ, झाडायचीबी पत ऱ्हाईली न्हाई माझी."

पहाटे त्यांना झोप नसायची, म्हणून मी त्यांना धक्क्यापर्यंत फिरायला न्यायची. तिथे रोज एक मुलगी पाच-सहा लाल-पिवळ्या होड्या पाण्यात सोडताना दिसायची. लांबट, अरुंद, आत दोन माणसं एकामागे एक बसतील एवढ्या. कयाक म्हणतात. पाहुणे यायचे, जाकिटं घालायचे, आणि सूर्य उगवायच्या आत बंदराची फेरी मारायला निघायचे. मामा चार दिवस बघत होते. पाचव्या दिवशी म्हणाले, "सुमे, त्ये लोक ढवळत्यात चुकीचं."

मी म्हटलं, "मामा, ते वल्हवतात. ढवळत नाहीत."

"तेच म्हंतोय की." त्यांनी होड्यांकडे बोट केलं. "मला बसवशील त्यात?"

आता माझी गोष्ट सांगायला हवी. मी सांगलीच्या गावभागातली. कृष्णेचं पाणी माझ्या घरात माळ्यापर्यंत आलेलं मी बघितलंय, दोन रात्री गच्चीवर काढून नावेतून बाहेर पडलेय. तेव्हापासून पाण्याने भरलेली बादलीसुद्धा मी जरा लांबूनच उचलते. आणि मामा म्हणत होते की बंदरात जाऊ. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांच्याकडे बघितलं. वारं गेल्यापासून दहा महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. मी होय म्हणून गेले.

मुलीचं नाव शीबा. हिंदी मोडकी पण कामापुरती नेटकी. एकट्याला सोडत नाही, जोडी लागते, म्हणाली. तिने कागद पुढे केला. वय, वजन, आणि खाली प्रश्न: रक्तदाब, हृदयविकार, अलीकडे दवाखान्यात होता का. मी मामांच्या नावापुढे सगळीकडे 'नाही' लिहिलं. छत्तीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं, आणि खाली सहीसुद्धा झोकात केली. शोभाला सांगितलं होतं की आम्ही काठावरची मासेमारीची मोठी चिनी जाळी बघायला जातोय.

दुसऱ्या दिवशी अंधुक उजेडात आम्ही पाण्यात उतरलो. बंगळूरहून आलेली चार तरुण मंडळी, दोन होड्यांत, शीबा तिच्या होडीत, आणि आम्ही. वजनदार माणसाने मागे बसायचं, असा नियम. त्यावर चर्चा झाली नाही, मी मागे बसले. मामा पुढे. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. मामांनी ते उलटंसुलटं करून बघितलं. "दोनी अंगाला फावडं, मंग मानसानं धरायचं कुटं?"

धक्क्यालगत शांत पाण्यात शीबाने शिकवायला सुरुवात केली. बंगळूरच्या पोरांनी वल्ही अशी आवळून धरली होती की बोटं पांढरी पडलेली. माझंही तेच. शीबा म्हणाली, "मुठ्ठी बंद नहीं करना. एक हाथ खींचेगा, दूसरा हाथ खाली धक्का देगा. ढीला रखना, बिलकुल ढीला." आणि मग मामांकडे बोट दाखवून सगळ्यांना, "अंकल को देखो. ऐसा चाहिए."

मामांचा डावा हात वल्ह्यावर नुसता टेकला होता. बोटं अर्धवट उघडी, त्याहून जास्त मिटतच नव्हती ना. मामांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. डोळे एवढे मोठे. "सुमे," दबक्या आवाजात, "हिला तू सांगितलंस व्हय?"

"नाही मामा. आईशप्पथ नाही."

ते पुन्हा पुढे वळले. पाठ सरळ झाली. मी मागेच होते, माझ्या डोळ्यांसमोर ती पाठ सरळ झाली. दहा महिने जो हात वाया गेला असं सगळ्यांनी धरून चाललं होतं, त्याला एका अनोळखी मुलीने सगळ्यांपुढे बरोबर ठरवलं होतं.

म्हणून काही लगेच जमलं असं नाही. निघाल्याबरोबर मामांनी चूक केली, आणि ती चूक फक्त गुळव्याच करू जाणे. त्यांनी वल्हं सरळ उभं खाली घातलं, तळ शोधत. गूळ तळाला धरू नये म्हणून पन्नास वर्षं जसं तळ खरवडत फिरवलं तसंच फिरवायला लागले. बंदराला तळ कुठला लागणार. होडी जागच्या जागी गरागरा फिरली. मी डोळे मिटून राम राम म्हणत होते. पोरं हसत होती. शीबा ओरडली, "अंकल, ऊपर-ऊपर, नीचे मत जाओ."

"वर-वर ढवळून कवा गूळ झालाय व्हय," मामा पुटपुटले. पण ऐकलं. पातं वर घेतलं. मग त्यांना आठवलं असावं की काहिलीवर समोरासमोर दोन माणसं असतात आणि ती एका तालावर चालतात. "सुमे, मी हां म्हनलं की उजवं. पुन्ना हां म्हनलं की डावं. मदी थांबायचं न्हाई." आणि त्यांनी सुरू केलं. हां... हां... हां... घुमारा असलेला तो आवाज मी लहानपणी गुऱ्हाळाच्या दारातून ऐकलेला. माझे हात आपोआप चालायला लागले. होडी सरळ सुटली. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मी डोळे उघडलेत.

मी बंदर बघितलं ते त्या सकाळी. मालाच्या जहाजांच्या भिंतीएवढ्या काळ्या बाजू, वर कुठेतरी एक दिवा, उंच क्रेन, दूर मशिदीचा आवाज. पाण्याला डिझेलचा आणि माशांचा वास. चिनी जाळ्यांपाशी पाच-सहा माणसं दोर ओढत होती आणि दगड बांधलेलं अख्खं लाकूड वर-खाली होत होतं. मामांनी वल्हवता वल्हवता त्यांना हात केला, त्यांनीही केला. मग पलीकडच्या काठावरच्या एर्नाकुलमच्या इमारतींमागून सूर्य आला. सगळं पाणी तांबूस-पिवळं झालं. मामा थांबले. वल्हं आडवं मांडीवर ठेवलं. म्हणाले, "पाक झाला बघ. आता उतरवाय पायजे." त्यांच्या तोंडून ही वर्षातली पहिली कामाची भाषा होती. मी उगाच वल्ह्यावरचं पाणी झटकत राहिले.

परत फिरलो तेव्हा ओहोटी लागली होती. धक्क्याकडे जाणाऱ्या अरुंद वाटेत केंदाळ साचलं होतं. सांगलीकरांना केंदाळ सांगायला नको, तीच हिरवी जलपर्णी. निघताना तिथे मोकळं पाणी होतं. आता एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाड गालिचा. बंगळूरची एक होडी त्यात घुसली आणि आडवी अडकली. पोरं वल्ह्याने झोडपायला लागली, तसं केंदाळ आणखी आवळलं. शीबा दुसऱ्या बाजूने वाट काढू बघत होती. तिचा चेहरा शांत होता, पण ती सारखी मागे बघत होती. पहिल्या प्रवासी बोटीची वेळ जवळ आली होती आणि ती बोट याच बाजूने वळते. गच्चीवरच्या त्या दोन रात्री एकदम आठवल्या.

मामा मात्र पुढे वाकून केंदाळाकडे बघत होते. "सुमे, ही तर मळी हाय."

"मामा, काय बोलताय?"

"मळी गं. मळी काय झोडपून निघती व्हय? तिला हळूच कडंला न्यायची असती." त्यांनी मला होडी काठाला लावून घ्यायला सांगितलं. मग वल्ह्याचं पातं आडवं करून केंदाळाच्या कडेखाली सरकवलं. उजवा हात जोर देणारा, डावा पंजा वर नुसता पसरून टेकवलेला, रसावरची मळी काढताना ठेवायचे तसा. न उचलता, न तोडता, त्यांनी तो गालिचा एका बाजूला रेटला. तो अख्खाच्या अख्खा सरकला. हातभर पाणी दिसलं. पुन्हा घातलं, पुन्हा रेटलं. "हां," म्हणाले, "ये पुढं." मी होडी पुढे घेतली. शीबा बघत राहिली, मग तिने आपलं वल्हंही तसंच आडवं घातलं आणि मामांच्या मागोमाग रेटू लागली. अडकलेली होडी सुटली. शीबा म्हणाली, "अंकल आगे. सब लोग अंकल के पीछे."

आणि मग कडेगाव तालुक्यातला एक गुळव्या, ज्याने आयुष्यात विहिरीपेक्षा मोठ्या पाण्यात पाय घातला नव्हता, कोचीच्या बंदरात सगळ्यात पुढे, आणि मागे ओळीने सगळ्या होड्या. हां... हां... बंगळूरची पोरंही तेच म्हणायला लागली. मोठी बोट भोंगा देत वळली तोवर आम्ही धक्क्याच्या आत होतो. मला एवढा आनंद कशाचा झाला होता ते अजून नीट सांगता येत नाही. शाळेत पहिली आले होते तेव्हाही झाला नव्हता.

उतरताना मामांचा डावा पाय जरा अडखळला. शीबाने ते टिपलं. तिने माझ्याकडे बघितलं, आणि माझ्याच्याने राहवेना. मी सगळं सांगितलं. ती हसली नाही. चांगलीच रागावली. पाण्यात पडले असते तर मी काय केलं असतं, असं तिने तीन-तीनदा विचारलं. मग म्हणाली, "सच बोलती तो मैं ना नहीं बोलती. मेरी बोट में बिठाती." मामा मध्ये आले, डावा हात तिच्यापुढे धरला. मिटायचा प्रयत्न केला, उघडला, पुन्हा मिटायचा प्रयत्न केला. "बेटी, ये हात आज कामाला आया," असं आपल्या हिंदीत म्हणाले. शीबाने तो हात दोन्ही हातांत धरला. राग मात्र तिने तसाच ठेवला, तो बरोबरच होता.

शोभाला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं. ओल्या सदऱ्याबद्दल तिने विचारलं तर "जाळ्याचं पानी उडालं" म्हणून मामांनी वेळ मारून नेली. पण गावी परतल्यावर मामांच्या पोटात ती गोष्ट एक दिवससुद्धा राहिली नाही. गुऱ्हाळावरच्या एकेकाला गाठून सांगितली, आणि प्रत्येकाला बजावलं, "शोभीला कळता कामा न्हाई." संजयचा मला फोन. "ताई, तुमी आण्णांस्नी समुद्रात घातलं व्हय?" आवाज चढलेला. मी त्याला शीबाचं वाक्य सांगितलं. म्हटलं, "अडवू नकोस संजय, सोय कर." त्याने फोन ठेवला. पण चार दिवसांनी त्याने काहिलीच्या एका बाजूला कमरेएवढा लोखंडी कठडा बसवून घेतला. मामा त्या कठड्याला टेकून उभे राहिले. त्या हंगामाचा उरलेला महिना, आणि त्यानंतरचा हा अख्खा हंगाम, पहिल्या दिवसापासून शेवटच्या काहिलीपर्यंत. बाहेरून आणलेला गुळव्या समोरच्या बाजूला, मामांच्या तालावर. दाढी रोज. प्लास्टिकची खुर्ची कोंबड्यांनी घेतली.

दिवसकार्य आटोपून शोभा कोचीला परत जाताना एक दिवस माझ्याकडे थांबली. दुपारी चहा घेताना एकदम म्हणाली, "ताई, सगळ्या गावाला ठाऊक हाय. चिता पेटल्यावर म्हातारी माणसं मलाच सांगत हुती, तुज्या बापानं कोचीत होडी हाकली म्हनून. माझ्याच कोचीत माझा बाप होडी हाकतो आन् मला पत्ता न्हाई." मी बिस्किटांची बशी तिच्यापुढे सरकवली. तिने विचारलं, "कागदावर काय लिवलं हुतंस?"

"नाही म्हणून लिहिलं होतं. सगळीकडे."

तिने कप खाली ठेवला. मला वाटलं आता तोडून बोलेल. "मला इचारलं असतंस तर मी न्हाईच म्हनले असते," ती म्हणाली. "आन् आण्णा त्या खुर्चीतच गेलं असतं..." मग डोळे पुसून म्हणाली, "चहा अगोड हाय तुझा."

मी उठून फडताळातून ढेप काढली. शेवटच्या काहिलीची, संजयने आणून दिलेली. फडकं सोडल्यावर शोभा जागची हलेना. यंदा घरच्या माणसांसाठी काढलेल्या प्रत्येक ढेपेवर मामांनी गूळ गरम असताना पंजा उठवला होता. पूर्वी कधी असं करत नसत. पंजा डावा होता. पाचही बोटं उमटली होती, पूर्ण दाबून, अंगठ्याच्या मुळापर्यंत. शोभाने आपला हात त्यावर ठेवून बघितला, तो त्यात मावला.

"फोडू नकोस," ती म्हणाली.

"पावसाळा आला की पाझरेल गं. मग टाकावा लागेल. मामांना चालेल का?"

तिने नाही अशी मान हलवली. मी बत्ता घेतला आणि अंगठ्याच्या बाजूने फोडला. अंगठा तिला दिला, करंगळी मी घेतली. चहात घालायचं दोघींनाही सुचलं नाही, तसाच तोंडात टाकला. रवाळ, पिवळाधमक, तळाला कुठेही न लागलेला. शोभा खात होती, रडत होती, आणि मध्येच म्हणाली, "ताई, अजून दे."